उभं, आडवं आणि मधला दुभाष्या

तीन वर्षांपूर्वी मी पायथनमधून एक जुनं फोर्ट्रान रूटीन थेट कॉल केलं. सगळ्या टेस्ट पास. खरा डेटा आला आणि उत्तरं चुकायला लागली. एरर मात्र एकही नाही. दोन रात्री घालवल्यावर कारण सापडलं, आणि त्याची मुळं थेट १९५७ सालात निघाली.

त्या वर्षी आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या टीमने ७०४ या मशीनसाठी फोर्ट्रान आणली. ही भाषा मॅट्रिक्स मेमरीत उभी मांडते: आधी पहिला स्तंभ, मग दुसरा. पुढे १९७०च्या दशकात आलेली सी ती आडवी मांडते, ओळीमागून ओळ. पायथनचं नमपायही सहसा सीसारखंच. मी आडवी मॅट्रिक्स पाठवली, फोर्ट्रानने ती उभी वाचली. आकडे तेच, गणित भलतंच. टेस्टमधली माझी मॅट्रिक्स सममित होती. ती कशीही वाचा, सारखीच. म्हणून टेस्ट पास!

मग फोर्ट्रान सोडून का देत नाहीत? कारण १९९२ साली आलेल्या लॅपॅकसारख्या लायब्ररीत नुसता कोड नाही. राउंडिंगच्या चुका कुठे साठतात, कुठली पायरी आधी घ्यायची, हे कित्येक गणितज्ञांनी वर्षानुवर्षं तपासलेलं शहाणपण त्यात आहे. तुम्ही नमपायमध्ये समीकरणं सोडवता तेव्हा ‘डीजीईएसव्ही’ हे लॅपॅकचं रूटीनच काम करतं. एवढं आखूड नाव का? फोर्ट्रान ७७ मध्ये नावाला सहाच अक्षरांची परवानगी होती.

या दोन जगांमध्ये दुभाष्या लागतो. एस्टोनियाच्या पेआरू पेटरसन यांनी १९९९च्या सुमारास ‘एफ-टू-पाय’ लिहायला घेतलं. ते फोर्ट्रान रूटीनची व्याख्या वाचून मधला सी कोड स्वतः तयार करतं, आणि मॅट्रिक्स आडवी आली तर तिची उभी प्रत काढून पुढे देतं. २००१ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट आणि एरिक जोन्स यांच्यासोबत पेटरसन यांनी सायपाय सुरू केलं, तेही याच पुलाच्या जोरावर.

मी हा पूल टाळून थेट नदीत उडी मारली होती. आता दोन भाषा जोडताना माझी पहिली टेस्ट ठरलेली असते: एक वेडीवाकडी, अजिबात सममित नसलेली मॅट्रिक्स.