'आदर्श' वजनाची जन्मकथा

पुसदसारख्या तालुक्याच्या गावातही अर्धा डबा तसाच घरी नेणाऱ्या मुली आपल्याला दिसतात. कारण विचारले तर "वजन वाढलंय" असे उत्तर येते. कशाच्या मानाने वाढले? याचे उत्तर शोधताना आपल्याला जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते.

बेल्जियमचा ॲडॉल्फ केटले हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. आकाशातील मापनांसाठी वापरली जाणारी सरासरीची पद्धत त्याने माणसांना लावली आणि १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्याला आढळले. सरासरी हाच निसर्गाचा आदर्श, असे तो मानी. मात्र लठ्ठपणा मोजणे हा त्याचा हेतू नव्हता.

१९४२ साली अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने विमेदारांच्या नोंदींवरून स्त्रियांसाठी 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. हिशेब विम्याच्या जोखमीचा होता, पण 'आदर्श' हा शब्द घरोघरी पोहोचला. पुढे १९७२ साली ॲन्सेल कीज व सहकाऱ्यांनी केटलेच्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा अंक मिळतो. कीज यांनी अभ्यासलेले सारे पुरुष होते!

हा अंक किती अपुरा आहे, हे २००४ साली 'लॅन्सेट'मधील एका छायाचित्राने दाखवले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के! म्हणजे बारीक दिसणे आणि निरोगी असणे एक नव्हे.

मग पुसदच्या मुलीने काय धरावे? जेवण तोडले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि लोह कमी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. काट्यापेक्षा हिमोग्लोबिनची तपासणी आधी हवी. वर्गात वजने मोठ्याने वाचणेही आपण टाळू या.

त्याऐवजी एक प्रयोग करावा. सर्वांची वीत मिलिमीटरमध्ये मोजून सरासरी काढावी. तिच्याशी तंतोतंत जुळणारी वीत क्वचितच निघेल. म्हणून काही कोणाचा हात चुकीचा ठरत नाही.