सांधा, तेल आणि अनाम हात

लातूर-नांदेड परिसरावर एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात पायांचे मर्दन राजाच्या ‘भोगां’त, तर मल्लांच्या झुंजी ‘विनोदां’त येतात. निखळलेल्या सांध्याचा विचार सुश्रुतसंहितेत आहे: तो ओढून, दाबून जागेवर बसवावा आणि बांधावा. मोडलेला तळहात सांधल्यावर मुठीत आधी मातीचा गोळा, मग मिठाचा खडा, शेवटी दगड धरवावा. म्हणजे बळ क्रमाक्रमानेच परत आणायचे, घाईने नव्हे.

ग्रंथांतून राजा उरला, आचार्य उरले. मल्लांचे अंग रगडून सांधे मोकळे करणारे हात मात्र अनाम राहिले. मराठवाड्यातील तालमींचा इतिहास त्या हातांपासूनच सुरू व्हायला हवा.