खाशाबांचं वजन आणि आपलं

बोरिवली-अंधेरीतल्या जिममध्ये दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "दहा किलो कमी करायचेत" आणि "बॉडी बनवायचीय". दोन्हींचा निकाल लावणार कोण? वजनकाटा!

काटा कुस्तीतही असतोच, पण तिथे तो फक्त गट ठरवतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ते ५७ किलो गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे वरच्या गटात जाणं ही काही लाजेची गोष्ट नव्हे. वाढलेलं वजन आपल्या कामाला येतं, की आपणच ते वाहत फिरतो, एवढाच प्रश्न.

तालमीत दूध, तूप, बदाम म्हणजे खुराक, आणि तो जिरवायला जोर-बैठका. आपण खुराक तेवढा ठेवला, जोर-बैठका सोडून दिल्या. मग पोट सुटलं की उपास! नुसत्या उपासात चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि काटा मात्र शाबासकी देतो. त्यापेक्षा वजनं उचलावीत, जोडीला डाळ, दूध, अंडी पोटभर असावीत. काटा कदाचित जागचा हलणार नाही, पण पँट सैल होईल.

असो. काट्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.