सासूबाईंनी सांगितलेला इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझी शाळा सातवीत सुटली. सनावळ्या पाठ करण्याचा मला लहानपणापासून कंटाळा. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आळीत जे एक काम झाले, त्याला माझाही थोडा हात लागला. ते सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हे धाडस.

आळीतलीच एक मुलगी कॉलेजात शिकते. तिने व तिच्या चार सोबत्यांनी ठरवले की, गावातल्या वृद्ध माणसांकडे जायचे आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. कल्पना मुलांची, खर्चही त्यांचाच. पंचाहत्तरीच्या पुढच्या बायकांची यादी करून देणे आणि जुन्या शब्दांचा अर्थ सांगणे, एवढे काम माझ्याकडे आले. शेर, पायली, अदमण म्हणजे काय, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते!

पहिला नंबर आमच्या सासूबाईंचा लागला. त्यांचे वय ८४. त्या म्हणाल्या, "मला मेलीला कसला आलाय इतिहास? तो सरदार दाभाड्यांच्या वाड्यात विचारा."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपल्या तळेगावचा लिहिलेला इतिहास मोठाच आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे येथले. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले आणि उमाबाईंनी घराण्याचा कारभार हिमतीने सांभाळला. पुढे अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा जमवून स्वदेशी धंदे काढण्याची कल्पना मांडली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काच कारखाना निघाला. हे सारे पुस्तकांत सापडते. पण त्या पैशांपैकी किती पैसे बायकांनी फडताळातल्या डब्यातून काढून दिले असतील, ते कोणत्या हिशेबात लिहिले आहे? उमाबाईंचे नाव राहिले. त्यांच्या वाड्यात दळणकांडण करणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहावीत?

त्या मुलीने मला समजावून सांगितले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळवीत. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड झाले. परंतु जिच्या हाती लेखणीच नव्हती, तिचे दप्तर कुठून मिळणार? ते तिच्या तोंडीच असायचे. म्हणून हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनी मावळ-मुळशीकडच्या बायकांच्या साथीने जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. ते पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि लाखाहून अधिक ओव्या जमल्या. उर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले. हे ऐकून मला वाटले, आपल्या मावळातल्या बायांना जे जमले, ते आमच्या ओसरीवर का जमू नये?

मुलांनी मग लढायांचे नाव काढलेच नाही. "आजी, तुम्ही नव्या नवरी असताना पहाटे किती वाजता उठत होता?" एवढेच विचारले. झाले! सासूबाई दोन तास बोलत होत्या. जाते, आडाचे पाणी, शेणगोठा, सगळे निघाले. बोलता बोलता पानशेतच्या पुराची गोष्ट निघाली. पुण्याचे नातलग अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या घरी आले आणि सासूबाईंनी आपल्या रुखवतातले लुगडे काढून दिले. "श्रावण होता," त्या म्हणाल्या.

एका मुलाने लगेच मोबाईलवर पाहिले. पानशेत धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी. त्या वर्षी श्रावण लागायला तेव्हा महिना होता. "आजी, श्रावण नव्हता," तो म्हणाला. सासूबाई हट्टाला पेटल्या, "श्रावणच होता!" मला वाटले, आता वयाने विसरतात, सोडून द्यावे. परंतु ती मुलगी शहाणी. तिने हळूच विचारले, "आजी, श्रावण कशावरून लक्षात राहिला?"

सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुराचे पाहुणे घरात होते तेव्हाच माझी मुलगी गेली. दहा महिन्यांची होती. तापाने गेली. घर माणसांनी भरलेले. रडायलासुद्धा कोपरा नव्हता."

भगिनींनो, मी ह्या घरात २४ वर्षे नांदते आहे. आपल्याला एक वडील बहीण होती, हे आमच्या घरच्या मंडळींनासुद्धा त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. पूर आषाढाच्या तोंडावर आला, मूल श्रावणात गेले, आणि आईच्या मनात दोन्ही मिळून एकच पाऊस झाला. पुस्तकातली तारीख खरी, आणि सासूबाईंचा श्रावणही खरा. मुलाने तारीख पाहिली हे बरे केले. पण त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला नसता, तर आम्ही त्यांना विसराळू ठरवून उठलो असतो.

रात्री घरात बोलणे झाले. हे म्हणाले, "घरातले दुःख लोकांना कशाला ऐकवायचे? तेवढे काढून टाकायला सांग." मलाही तसेच वाटले. मुलांनी आधीच कबूल केले होते की, सांगणाऱ्याने नको म्हटले तर ते ठेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना सगळे पुन्हा ऐकवले. शेजारच्या घरच्या एका भांडणाचा भाग त्यांनी लगेच काढायला लावला. मुलीचा भाग आला तेव्हा मात्र म्हणाल्या, "तो राहू दे. तिचे नाव घेणारे माझ्यामागे कोण आहे?"

ते नाव मी येथे लिहीत नाही. सासूबाईंनी ते मुलांपाशी ठेव म्हणून दिले आहे. ह्यांनी मात्र त्या रात्री आईजवळ बसून ते दोनदा विचारून घेतले.

पुढे आणखी दोन आजींकडे मी मुलांबरोबर गेले आणि प्रश्नही मीच विचारले. आता माझे एवढेच मागणे आहे. आपल्या मंडळात अशा कितीतरी सासवा, आया, आत्या आहेत. हळदीकुंकवाच्या गडबडीतून एक दुपार काढा. त्यांच्याजवळ बसा. पहाटे किती वाजता उठत होता, एवढेच विचारा. मध्ये बोलू नका. आणि त्यांचा महिना चुकला असे वाटले, तर दुरुस्त करण्याआधी 'कशावरून?' हे अवश्य विचारा.