बॅटरी कोणी खाल्ली?

काही दिवसांपूर्वी रत्नागिरीत विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारण्याचा योग आला. विषय होता विद्युतमापन. अँपिअर, व्होल्ट, वॅट असे सारे यथासांग झाले आणि शेवटी मंडणगडकडच्या एका बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “सर, निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाइल जपून वापरायचा म्हणून मी तो नुसता पर्समध्ये ठेवायचे. तरी दुपारपर्यंत बॅटरी संपायची. फोनमधली यादी उघडली, तर निरोप पाठवायचे अॅप सगळ्यांत वर दिसले. मी ते काढून टाकले. तरीही फरक पडला नाही. मग ती यादी खोटी होती का?”

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली, मंडणगड आणि गुहागर या तालुक्यांना त्याचा मोठा फटका बसला. विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण पुरात बुडाले. अशा वेळी मोबाइलमधला शेवटचा दहा टक्के भार म्हणजे मुंबईच्या मुलाला ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे सांगण्याची सोय असते. तेव्हा बाईंचा प्रश्न साधा नव्हता. आम्ही तिथे दिलेले उत्तर अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे, तर विजेचा हिशेब ठेवण्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते.

जस्ताच्या तराजूवर वीज

वीज डोळ्यांना दिसत नाही. मग ती किती वापरली हे मोजायचे कसे? मायकेल फॅरेडे याने १८३३-३४ मध्ये याचे उत्तर दिले. द्रावणातून वीज नेली, की पट्टीवर साचणारा पदार्थ हा वाहिलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो. म्हणजे पदार्थ तोलला, की वीज तोलली!

थॉमस एडिसनने याच नियमावर आपला वीजमापक बेतला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरोघर वीज जाऊ लागली. ग्राहकाकडच्या मापकात झिंक सल्फेटचे द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या असत. प्रवाहाचा एक लहानसा ठरावीक हिस्सा त्यातून जाई. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन तोली आणि त्यावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवाही ठेवलेला असे. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या ओटो ब्लाथी याने फिरत्या चकतीचा मापक बनवला. आपल्या घरांत वर्षानुवर्षे फिरत असलेली चकती ही त्याच कुळातली.

आता खिशातल्या फोनकडे वळू. त्याच्या बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. हा सगळा भार जस्ताच्या द्रावणातून नेला, तर सुमारे ६ ग्रॅम जस्त साचेल. फोनमध्ये अर्थातच जस्त नसते. बॅटरीच्या वाटेवर अगदी क्षुल्लक रोध जोडलेला असतो. त्याच्या दोन टोकांमधला विभवांतर मोजला, की ओहमच्या नियमाने प्रवाह कळतो. एक चिप तो सतत मोजते आणि बेरीज करत राहते. ऊर्जेच्या भाषेत बोलायचे, तर अशी बॅटरी ३.८५ व्होल्टला सुमारे १९ वॅट-तास देते. म्हणजे घरच्या बिलावरच्या एका युनिटात फोन पन्नासएक वेळा भरता येईल.

एकूण खर्च कळला. पण तो कोणी केला, हे त्या बेरजेत कुठे आहे?

एक मीटर, अनेक बिऱ्हाडे

चाळीत दहा बिऱ्हाडे आणि मीटर एकच असावे, तशी ही अडचण आहे. मोबाइलमध्ये अनेक अॅप एकाच वेळी नांदत असतात. पडदा, प्रोसेसर, रेडिओ आणि उपग्रहांवरून ठिकाण शोधणारा भाग हे सर्वांना सामाईक असतात.

या प्रश्नाला पहिली नेटकी भिडंत दिली ती अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात, जेसन फ्लिन आणि महादेव सत्यनारायणन यांनी. सत्यनारायणन हे मद्रासच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. १९९९ मध्ये त्यांनी ‘पॉवरस्कोप’ हे साधन मांडले. मांडणी शाळेतल्या प्रयोगासारखीच होती. एका लॅपटॉपच्या वीजपुरवठ्यात त्यांनी मल्टिमीटर जोडला. मल्टिमीटर थोड्या थोड्या अंतराने प्रवाह टिपे. ज्या क्षणी प्रवाह टिपला, त्याच क्षणी कोणता प्रोग्रॅम चालू होता, याचीही नोंद लॅपटॉप करी. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून जुळवायच्या. चाळीचे मीटर वेगाने फिरले, त्या क्षणी कोणाच्या घरी इस्त्री चालू होती, हे पाहण्यासारखेच झाले.

पण प्रत्येक मोबाइलधारकाने मल्टिमीटर जोडून हिंडायचे, हे कसे जमावे?

अश्वशक्तीचे बिल

पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. सप्टेंबर २००९ च्या १.६ या आवृत्तीत, कोणत्या अॅपने किती बॅटरी वापरली याची यादी आली. मंडणगडच्या बाईंनी पाहिली ती याच यादीची वंशज. लोकांना वाटते, की फोनने प्रत्येक अॅपला मीटर बसवले आहे. तसे मीटर मात्र कुठेच नव्हते. मग आकडे आले कुठून?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. मीटर नसलेल्या कृषिपंपांचे बिल वर्षानुवर्षे पंपाच्या अश्वशक्तीवर आकारले जात आले. अशा पंपांनी किती वीज वापरली याचा अंदाज बांधताना पंपाची ताकद घ्यायची आणि तो किती तास चालला असेल त्या तासांनी गुणायचे. फोननेही हेच केले. पडदा इतके मिलिअँपिअर घेतो, प्रोसेसर या वेगाला इतके, रेडिओ इतके, असा एक तक्ता निर्माता फोनमध्ये भरून ठेवतो. कोणत्या अॅपने कोणता भाग किती सेकंद वापरला, याची नोंद फोन ठेवतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या अॅपचे बिल!

पद्धत चांगली आहे, पण तक्ता चुकला की बिल चुकते. म्हणूनच २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील एरन कॅरोल आणि गेर्नोट हायझर यांनी प्रत्यक्ष फोन उघडला. त्यांनी मुद्दाम ओपनमोको हा फोन निवडला, कारण त्याचे विद्युतमंडल सर्वांसाठी खुले होते. निरनिराळ्या भागांना वीज नेणाऱ्या वाटांवर रोध बसवून त्यांनी प्रत्येक भागाचा खर्च वेगळा मोजला. त्यांना सर्वांत खर्चिक आढळले ते पडदा आणि मनोऱ्याशी बोलणारा रेडिओ. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील गटाने ‘पॉवरट्यूटर’ प्रसिद्ध केले. त्यात हा तक्ता फोनने स्वतःच, बॅटरीच्या वर्तनावरून, तयार करावा अशी कल्पना होती.

फेरीबोटीचे डिझेल कोणाच्या नावावर?

आता या इतिहासातला सर्वांत मनोरंजक टप्पा. २०१२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे अभिनव पाठक आणि चार्ली हू यांनी, मायक्रोसॉफ्टच्या मिंग झांग यांच्यासह, अॅपच्या पोटात शिरून हिशेब मांडला. अॅपमधला नेमका कोणता भाग ऊर्जा खातो, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळले, की फुकट मिळणाऱ्या अॅपमध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरच्या कंपन्यांच्या जाहिरातविषयक भागांवर खर्च होते. ‘अँग्री बर्ड्स’ या खेळात पक्षी उडवण्यावर जेमतेम २० टक्के ऊर्जा जात होती. खेळणाऱ्याचा माग ठेवणाऱ्या परक्या भागावर सुमारे ४५ टक्के! फुकट खेळाचे मोल मुले बॅटरीतून चुकवत होती.

हे कसे घडते? दाभोळ-धोपावे फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. समजा, एकाच स्कूटरसाठी बोट वाशिष्ठी ओलांडून आली. आणखी कोणी येईल म्हणून बोटीने इंजिन थोडा वेळ चालूच ठेवले. त्या काळच्या थ्री-जी रेडिओचे असेच होते. चिमूटभर माहिती पाठवली, तरी रेडिओ पुढे काही सेकंद जागाच राही. पाठवण्याच्या कामाहून ही मागाहूनची जाग अनेकदा महाग पडे.

आता खरी मेख पाहा. बोट थांबलेली असताना दुसरी स्कूटर आली, तर उभ्या इंजिनाचे डिझेल कोणाच्या नावावर घालायचे? पहिल्याच्या, दुसऱ्याच्या, की दोघांत निम्मे? जगातला सर्वोत्तम मीटरही याचे उत्तर देऊ शकणार नाही. तो एकूण डिझेल सांगेल, वाटणी सांगणार नाही. वाटणीसाठी माणसांना नियम ठरवावा लागतो. पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम ठरवला, की शेवटी ज्याने बोट जागी ठेवली, त्याच्या नावावर डिझेल. हा नियम त्यांनी उघड सांगितला, हे महत्त्वाचे. जुन्या अँड्रॉइडच्या यादीत पडद्याची ओळ स्वतंत्र असे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोनमध्ये अशी यादी आली, तेव्हा पडद्याचा खर्च समोर दिसणाऱ्या अॅपच्या नावावर टाकला जाई. तोच चित्रपट, तेवढाच वेळ पाहिला, तरी एका यादीत ते अॅप साव आणि दुसरीत चोर!

२०१२ मध्येच कॅलिफोर्नियातील बर्कली आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी ‘कॅरट’ नावाने निराळी वाट धरली. ज्या फोनांत अमुक अॅप आहे ते आणि ज्यांत नाही ते, अशा हजारो फोनांची बॅटरी किती वेगाने उतरते याची त्यांनी तुलना केली. खत घातलेला वाफा आणि न घातलेला वाफा यांची तुलना आपण करतो ना, तीच ही रीत. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने पडून असलेल्या फोनला गाढ झोपवण्याची व्यवस्था आणली. अलीकडच्या काही फोनांत आतल्या निरनिराळ्या वीजवाटांवर खरोखरचे मापकही आले आहेत. वाटणीचा नियम मात्र आजही माणसेच ठरवतात.

पुन्हा मंडणगड

आता बाईंच्या फोनकडे येऊ. मनोरे बंद होते किंवा दूरचा एखादाच चालू होता. सिग्नल दुबळा असला, की फोन अधिक शक्तीने ओरडतो. सिग्नल मुळीच नसला, तर तो पुन्हा पुन्हा सगळ्या वाहिन्या धुंडाळतो. फोन पर्समध्ये असला तरी हे चालूच. निरोपाचे अॅप दर थोड्या वेळाने सर्व्हर गाठायचा प्रयत्न करते, म्हणून त्याचे नाव यादीत वर चढते. बॅटरीचा मोठा वाटा मात्र शोधाशोधीत गेला असणार, आणि तो कोणत्याच अॅपच्या नावावर पडत नाही. अॅप काढूनही फरक पडला नाही, हाच त्याचा पुरावा. कोकणातल्या खोलगट वाड्यांत वादळ नसतानाही थोडेफार असेच घडते. सड्यावर गेले, की बॅटरी टिकते असा अनुभव अनेकांना असेल.

तेव्हा यादी खोटी नव्हती. तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते, एवढेच. अशा वेळी उपाय म्हणजे फोन विमान मोडवर ठेवावा. ठरावीक वेळी, शक्य तर उंचावर जाऊन, तो पाच मिनिटे जागा करावा, निरोप पाठवावा आणि पुन्हा विमान मोडवर टाकावा.

वर्गात करून पाहा

आम्ही सांगतो म्हणून हे मान्य करू नका. एक फोन घ्या. त्याची बॅटरी ८० टक्क्यांवर असताना पडदा बंद करून चांगल्या सिग्नलच्या जागी चार तास ठेवा आणि किती टक्के उतरली ते लिहा. पुढच्या दिवशी हेच दुबळ्या सिग्नलच्या जागी करा, तिसऱ्या दिवशी विमान मोडवर. एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात दर वेळी ८० टक्क्यांवरूनच करा, कारण टक्क्यांचा आकडा हाही एक अंदाजच आहे. प्रत्येक प्रयोग निदान तीनदा करून सरासरी काढा. मग एखादे संशयित अॅप काढून आणि ठेवून तुलना करा.

निष्कर्ष लिहून झाल्यावर फोनमधली यादी उघडा आणि मुलांना दोन प्रश्न विचारा : यातले काय मोजलेले आहे, आणि काय वाटून दिलेले आहे? हे दोन प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, तर ती विजेचे बिल, गुणपत्रिका आणि वर्तमानपत्रातली टक्केवारीही निराळ्या डोळ्यांनी वाचू लागतील.