संगणकीय भूमिकाखेळ, बहुखेळाडू

संगणकजालाद्वारे असंख्य खेळाडूंनी एकाच कल्पित जगात निरनिराळ्या भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ. रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रचलेला ‘मड’ (१९७८) हा शब्दमय खेळ त्याचा आद्य नमुना होय. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) हा चित्रमय खेळ मासिक वर्गणीवर सुरू झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे (२००४) वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर गेले. साहसाइतकेच सोबत्यांचे संघ खेळाडूस बांधून ठेवतात; तथापि ते जग कंपनीच्या संगणकांवरच वसते. ‘सिटी ऑफ हीरोज’ (२००४) २०१२ मध्ये बंद होताच खेळाडूंनी वर्षानुवर्षे घडविलेली पात्रे त्यांना दुरावली. पुढे खेळाडूंनीच चालविलेल्या त्याच्या आवृत्तीस २०२४ मध्ये मूळ कंपनीकडून परवाना मिळाला. व्यवसाय संपला, तरी खेळाचे आकर्षण टिकू शकते, हे यावरून दिसून येते.