कोयनेचं काँक्रीट आणि आमचा स्लॅब

मागच्या भागात पावसाचा आवाज फार येत होता अशी तक्रार आली. मान्य. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतो, पत्र्यावर पाऊस वाजणारच.

आजची गोष्ट ११ डिसेंबर १९६७ ची. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आज्जी तेव्हा या घरात नवीन लग्न होऊन आलेली. ती सांगते, फळीवरची भांडी आपोआप वाजायला लागली आणि सगळी पेठ रस्त्यावर आली. कोयना इथून सरळ रेषेत नव्वद-शंभर किलोमीटर. तिकडे कोयनानगरात घरंच्या घरं बसली, सुमारे १८० माणसं गेली. मुंबईची वीज गेली. आणि अख्ख्या महाराष्ट्राला एकच प्रश्न पडला, धरणाचं काय?

धरण उभं राहिलं. पण धड नाही.

कोयना धरण १०३ मीटर उंच, रबल काँक्रीटचं. म्हणजे काँक्रीटच्या थरात मोठमोठे दगड बसवत न्यायचे. सिमेंट वाचतं, आणि सिमेंट कमी म्हणजे आतली उष्णताही कमी. काँक्रीट घट्ट होताना तापतं हे लक्षात ठेवा. एवढा मोठा ठोकळा आतून तापला आणि बाहेरून थंड झाला तर भूकंपाशिवायच तडकतो.

मी बीटेक झालो, पण काम कोडिंगचं. कोयनेशी माझी ओळख झाली ती अ‍ॅबॅकस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. काँक्रीटला तडा कसा जातो हे तपासायला त्याच्या मॅन्युअलमध्ये जे उदाहरण दिलंय ते चक्क कोयना! जगभरातली पोरं आपलं मॉडेल बरोबर आहे का हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या धरणावर तपासतात. त्या उदाहरणात काँक्रीटची दाब सोसायची ताकद २४.१ मेगापास्कल धरलीय आणि ताण सोसायची फक्त २.९. आठ पटींचा फरक. काँक्रीट दाबलं तर पहिलवान, ओढलं तर कागद.

धरणाच्या मागच्या बाजूचा उतार पायापासून साधारण ६६ मीटरवर एकदम बदलतो. खाली पसरट, वर जवळजवळ उभा. बांधकाम सुरू असताना आधीचा बेत बदलून पूर्ण उंची एकाच टप्प्यात गाठायचं ठरलं, त्यातून हा आकार आला. डिझाइनमध्ये भूकंपाचं बळ धरलं होतं गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के. प्रत्यक्षात नोंदलं गेलं जवळपास निम्मं. डोकं हललं आणि मानेत तडे गेले, पुढूनही, मागूनही. काही ठिकाणी मागच्या बाजूने पाणी झिरपताना दिसलं. नंतर तड्यांत इपॉक्सी भरलं, केबल ताणून बसवल्या, पाठीला काँक्रीटचे आधार दिले. १९७० मध्ये भूकंपाचं आयएस १८९३ हे मानक बदललं, आणि नकाशातला 'शून्य' झोन गेला. दख्खन हलत नाही हा समज त्याच्याबरोबर गेला.

माझं मत विचाराल तर चूक हिशोबात आणि आकारात होती. माल भक्कम नसता तर तडे मानेवरच थांबले नसते.

आता आमचा माल. दोन वर्षांपूर्वी आज्जीच्या खोलीवर स्लॅब टाकला. मिस्त्री चांगला माणूस, पण दर मिक्सला बादली जास्त. "दादा, माल पळाला पाहिजे की!" मी वर मोबाईलवर मीटिंगमध्ये होतो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. दहा लिटरची एक बादली वाढली की ०.७. डफ अब्रॅम्सने १९१८ मध्येच शिकागोत दाखवून दिलं होतं की ताकद या प्रमाणावर ठरते. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. क्यूब भरून २८ दिवसांनी फोडून बघायचे असतात, ते कुणी भरलेच नाहीत. पाणीही चारच दिवस मारलं, कारण मग गणपती आले. हे माझं चुकलं.

कोयनेच्या मुख्य अंगात गज नाहीत, त्यामुळे तिथे गंजायला काही नाही. आमच्या स्लॅबमध्ये आहेत. भोकांतून हवा-पाणी आत गेलं, गज गंजला, की फुगतो आणि खालचा थर सुटतो. या पावसाळ्यात आज्जीच्या पंख्याजवळ तांबूस डाग आलाय, हाताएवढा.

रविवारी एक टेस्टिंगवाला येतोय, रिबाउंड हॅमर घेऊन. त्याने फक्त वरचा कठीणपणा कळतो, म्हणून दोन कोअरही काढायला सांगितलेत. आज्जीला ११ डिसेंबरची आठवण करून दिली तर म्हणाली, "तवा घर दगडमातीचं हुतं रं, काय झालं नाही त्याला." तिची कॉट तोपर्यंत सोप्यात हलवलीय.